सौनातली बंदूक

"माझी बंदूक अर्धस्वयंचलित आहे, अर्धं काम ती करते, आणि तिच्या वाट्याचं अर्धं मी."

हे वाक्य तौनो सारेला को-ऑपच्या दुकानात, कॉफीच्या टेबलावर बोलला आणि मग ते वाक्य त्याच्या आधी सगळीकडे पोचायला लागलं. पोस्टात गेला तर तिथे हजर. रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरच्या कॉफीला गेला तर तिथेही. लोक विचारायचे, काय तौनो, आज तुझी पाळी की तिची? तो हसायचा. स्वतःवरचा विनोद आपणच आधी करून टाकला की दुसऱ्याला बोट घालायला जागा उरत नाही, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. ते खोटं होतं. जागा उरतेच. उलट, दार उघडं दिसलं की लोक बूट न काढता आत येतात.

तौनोची सगळी नोकरी काउंटीच्या बर्फ ढकलणाऱ्या ट्रकवर झाली. सरोवरावरून ढग यायचे, रात्रभर रस्ता बुजवायचे, आणि पहाटे तौनो तो रस्ता मोकळा करायचा. दुसऱ्या पहाटे तोच रस्ता, तोच बर्फ. अशी नोकरी करून माणूस एक तर फार देवभोळा होतो, नाही तर खटपट्या. तौनोच्या बाबतीत देवाने पहिला पर्याय विचारात घेतला नाही. त्याने एक होडी बांधली होती, ती किनाऱ्यावर ठेवली तर आतून पूर्ण कोरडी राहायची. मासे धुरावर सुकवायचं एक पिंप बनवलं होतं. त्यात मासे सुकण्याआधी पिंपाने पेट घेतला आणि शेजारचा कुंपणाचा खांबही सोबत नेला. शेडच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने एक फळी ठोकली होती. तिच्यावर रंगाने लिहिलं होतं: इथे बनलेली वस्तू बनवणाऱ्यानेच वापरावी.

बंदूक मात्र त्याने स्वतःसाठी बनवली नव्हती.

ती होती किर्स्टीसाठी, त्याच्या एकुलत्या एक मुलीसाठी. गोठलेल्या तळ्यावर तिची स्नोमोबाइल उलटली आणि उजवा खांदा गाडीखाली आला, त्याला आता काही हिवाळे झाले. खांद्यात पोलादाची पट्टी आहे, स्क्रू आहेत. हात गाडी चालवतो, भांडी विसळतो, हात हलवून निरोपही घेतो. पण जोर लावून काही मागे ओढायचं म्हटलं, फुगलेलं दार असो की बंदुकीचा बोल्ट, की तिचा चेहरा पांढरा पडतो आणि ती भलतीकडेच बघायला लागते, जणू कोणीतरी तिला हाक मारली आहे.

त्याआधी ती लहानपणापासून दर नोव्हेंबरात बापाबरोबर जंगलातल्या कॅम्पवर जायची. कॅम्प म्हणजे ओंडक्यांची एक खोली, एक चूल, आणि तौनो आणि त्याचा मित्र वेर्नर केटोला यांचं एकमेकांना तेच ते सांगणं. शिकारीत हरणं किर्स्टीच्या वाट्याला यायची आणि सबबी तौनोच्या. अपघातानंतरच्या पहिल्या मोसमात ती हट्टाने गेली. आजोबांची जुनी बंदूक डाव्या खांद्याला लावली, गोळी झाडली, हरणाला लागली, पण पोटात. दुसरी गोळी भरायला बोल्ट मागे ओढायचा होता. तो ओढेपर्यंत हरीण दलदलीच्या झाडीत गेलं. बाप-लेक अंधार पडेपर्यंत रक्ताचे ठिपके शोधत फिरले. ठिपके आधी विरळ झाले, मग बर्फ पडायला लागला.

त्यानंतर ती कॅम्पवर आली नाही. तौनो जायचा. तिच्या बाकावर तो बटाट्याचं पोतं ठेवायचा, म्हणजे बाक रिकामा दिसू नये. वेर्नर त्या पोत्याला उद्देशून रोज सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणायचा. तौनोला ते आवडायचं नाही, पण पोतं तो काढायचाही नाही.

या उन्हाळ्यात त्याने ठरवलं की आपण तिला अशी बंदूक करून द्यायची, जिचा बोल्ट हाताने ओढावाच लागणार नाही. गोळी सुटली की तिच्या मागच्या वायूचा थोडा जोर एका बारीक नळीतून परत यायचा, तोच बोल्टला मागे ढकलायचा, रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, आणि स्प्रिंगने बोल्ट पुढे येताना नवी गोळी घेऊन बसायचा. हा फेरा पुरा झाला की माणसाला फक्त चाप ओढायचा. धक्काही कमी. मुख्य भाग त्याने शहरातल्या दुकानातून रीतसर कागद भरून घेतला, बाकीचे सुटे भाग टपालाने आले. एल्सीने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदाच विचारलं की अशा बंदुका तयार मिळतात ना? मिळतात, तो म्हणाला. मग? विकतची घेतली तर ती दुकानाने दिली असं होईल, असं काहीतरी तो पुटपुटला आणि स्क्रू शोधायला वाकला.

किर्स्टीने बंदूक बघितली ती ऑगस्टमध्ये, सुट्या भागांत, अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाकावर पसरलेली. तिने अंगातलं जाकीट काढलं नाही. एकेक भाग बघून ती म्हणाली,

"बाबा, मला तसं हरीण पुन्हा सोडायचं नाहीये. मोसमाच्या आदल्या दिवशी खडीच्या खाणीत मी पाच गोळ्या झाडीन. माझ्या हातात. न अडकता पाचही सुटल्या तर मी कॅम्पवर येते. नाही सुटल्या तर नाही, आणि मग परत कधी विचारायचं नाही."

तौनो म्हणाला, पाच कशाला, पन्नास सुटतील. होडीच्या वेळीही तो असंच काहीतरी म्हणाला होता.

सौनाचा बाक मध्येच कुठून आला, तर एल्सीमुळे. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने बंदुकीचं तेल चालवून घेतलं नाही. ज्या टेबलावर मी निसूच्या गोड पावाची कणीक मळते तिथे तुझं ते यंत्र नको, ती म्हणाली, माझ्या पावाला वेलदोड्याचा वास येतो तेवढा पुरे. शेडमध्ये थंडी, तिथे नोव्हेंबरात बोटं लोखंडाला चिकटतात. उरली ती अंगणातली सौना. तिला दोन खोल्या: आतली वाफेची, आणि बाहेरची कपडे काढायची. बाहेरच्या खोलीत बाक, खुंट्या, एक छोटी खिडकी, आणि चुलीच्या मागच्या भिंतीतून येणारी ऊब. स्नान बुधवारी आणि शनिवारी, पण तौनो काम करायला बसला की रोजच थोडी लाकडं सारायचा आणि हाताशी आहे म्हणून चुलीवरच्या तापलेल्या दगडांवर तांब्याभर पाणीही टाकायचा. बंदूक जुळून पुरी झाली तशी ती एल्सीच्या टॉवेलशेजारच्या खुंटीवर राहायला लागली, त्याच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळून.

"दूध पाजलंस का तिला?" एल्सी विचारायची.

सप्टेंबरात खाणीत पहिल्यांदा झाडली तेव्हा बंदूक सुरेख चालली. एकामागून एक पुंगळ्या उजवीकडे वाळूत पडल्या, सगळ्या जवळजवळ एकाच जागी, कोंबडीने अंडी घालावीत तशा. तौनो त्या गोळा करून घरी घेऊन आला आणि खिडकीच्या काठावर रांगेत मांडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बनवलेली वस्तू त्याच्याशिवाय चालत होती. त्याला थोडं एकटं वाटलं, इतकं ते नवीन होतं.

मग पहिलं दव गोठलं, आणि बंदूक बिघडली.

पहिली गोळी सुटायची. बोल्ट मागे यायचा, पण अर्धाच, आळसावल्यासारखा. आणि परत येताना रिकामी पुंगळी तोंडात धरून ठेवायचा. पुंगळी वर उभी, धुराड्यासारखी. या भागातल्या तांब्याच्या खाणी केव्हाच बंद झाल्या, त्यांची धुराडी तेवढी उभी आहेत. तौनोच्या बंदुकीने ती परंपरा जपली. तो हाताने ओढायचा, पुंगळी काढायचा, पुन्हा झाडायचा. पुन्हा धुराडं.

त्याने फोनवरून इंटरनेटवरच्या माणसांना विचारलं. बंदुकांबद्दल इंटरनेटवर बोलणारे लोक डॉक्टरांसारखे असतात. फरक एवढाच की रोगी त्यांनी पाहिलेला नसतो आणि फी ते अपमानाच्या रूपात घेतात. एकाने सांगितलं, वायूची नळी नीट जुळलेली नाही, आणि हे न कळणाऱ्याने बंदूक बांधू नये. तौनोने नळी काढून परत जुळवली. खाणीत गेला. पहिल्या दोन गोळ्या अडकल्या, तिसरीपासून बंदूक शिवणयंत्रासारखी चालायला लागली. झालं, तो म्हणाला, नळीच होती. घरी येऊन बंदूक पुसली, तेल दिलं, शर्टात गुंडाळली, खुंटीवर टांगली. पुढच्या खेपेला पुन्हा धुराडं.

दुसऱ्याने सांगितलं, स्प्रिंग. स्प्रिंग बदलली. पहिल्या दोन अडकल्या, मग छान. झालं, स्प्रिंगच. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग स्प्रिंगमागचं वजन बदललं, मग मॅगझिन बदललं, मग गोळ्यांची जात बदलली. दर वेळी आधी अडकायची, मग चालायची, आणि तो आनंदाने घरी यायचा. प्रत्येक उपाय लागू पडत होता, पण फक्त त्याच दुपारपुरता. असं औषध दुसऱ्या कोणी दिलं असतं तर तौनोने त्याला भोंदू म्हटलं असतं. इथे भोंदू आणि भोळा दोन्ही तोच होता, त्यामुळे भांडण झालं नाही.

शेवटी एकाने लिहिलं की बंदूक ढिली धरली तरी असं होतं. दोष कधी कधी माणसाच्या खांद्यात असतो. हे तौनोला पटलं. दोष आपल्यात असणार हे त्याला कोणीही, कधीही पटवू शकायचं. तो घरात उभा राहून झाडूचा दांडा खांद्याला घट्ट लावायचा सराव करू लागला. एल्सी म्हणाली, लावलाच आहेस तर चुलीखालचं झाडून घे.

या सगळ्यात दुसरंही एक चालू होतं, ज्याचा बंदुकीशी काही संबंध नाही असं तौनोला वाटत होतं. किर्स्टी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. पहिला बर्फ पडला त्या पहाटे ती उठायच्या आत तो तिच्या दारातला बर्फ काढून आला. तिच्या लाकडाच्या ढिगावर ताडपत्री घातली. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवली, तिला जोर लागू नये म्हणून. दोन बरण्या खराब झाल्या. मग एका पहाटे तो फावडं घेऊन पोचला तेव्हा ती आधीच दारात उभी होती, डाव्या हातात तिचं स्वतःचं फावडं, आणि अर्धी वाट मोकळी झालेली. तिने त्याला कॉफी विचारली, वाट दिली नाही. घरी येऊन त्याने एल्सीला सांगितलं की पोरगी आजकाल तुसडी झाली आहे. एल्सीने त्याच्याकडे बघितलं आणि पास्टीच्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीच्या, कडा दुमडत राहिली.

मोसम आठवड्यावर आला तेव्हा वेर्नर थर्मास घेऊन खाणीवर आला. वेर्नर उंच, वाळका, मोजकं बोलणारा आणि त्या मोजक्यातलं बहुतेक टोचून बोलणारा. त्याच्या खांद्यावर त्याच्या बापाची बंदूक होती. तिच्या लाकडी दस्त्यावर रात्रीचं दव पांढरं गोठलेलं होतं. त्याने ते बाहीने झटकलं.

"ही बघ," तो म्हणाला. "हिला काही येतच नाही. म्हणून हिचं काही बिघडत नाही."

तौनोने दोन गोळ्या झाडल्या. दोन धुराडी. वेर्नरने कॉफी ओतली. मग त्याने तौनोची बंदूक हातात घेतली, वरखाली करून बघितली, नळीत बघितलं नाही, बोल्टमध्ये बोट घातलं नाही, फक्त तळहात फिरवला.

"ओली का लागते रे ही?"

"तेल आहे."

"बरं. तेल," वेर्नर म्हणाला, आणि हात पँटला पुसला.

तौनोने त्या दिवशी घरी जाऊन आणखी तेल दिलं.

मोसमाच्या आदल्या दिवशी सरोवरावरून सकाळपासून बारीक, सुईसारखा बर्फ येत होता. दुपारी किर्स्टी आली. तिने गाडी अंगणात अशी लावली की परत जाताना वळवावी लागू नये. हे तौनोने बघितलं. सौनाची चूल आज दुपारपासूनच पेटलेली होती, कारण उद्या जंगलात जाणाऱ्याने आज स्नान करायचं असतं. बंदूक सकाळपासून तिथेच, खुंटीवर. तौनोने ती शर्टातून काढली, वरवर पुसली, आणि दोघं खाणीत गेली.

थंडी इतकी होती की बोलताना शब्दाआधी वाफ यायची. किर्स्टी उभी राहिली, बंदूक डाव्या खांद्याला लावली. तिची उभं राहण्याची पद्धत अजून तीच होती, पाय थोडे रुंद, मान किंचित कललेली, काहीतरी ऐकत असल्यासारखी. तौनो झाडूचा दांडा आठवत होता, तिला सांगावं का की घट्ट धर, आणि सांगू नये हे त्याला एकदाच, योग्य वेळी सुचलं.

पहिली गोळी सुटली. वाळूच्या भिंतीवर मध्यभागी लागली. पुंगळी उभी राहिली.

किर्स्टी बंदुकीकडे बघत राहिली. मग तिने उजवा हात नेला, बोल्टची कडी धरली आणि ओढली. ती अर्ध्यावर आली. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती झाडांकडे बघायला लागली. तौनो पुढे झाला. तिने बंदूक त्याच्या हातात दिली, भांडं परत करावं तशी.

तौनोने पुंगळी काढली, झाडली, अडकली. काढली, झाडली, आणि मग बंदूक चालायला लागली. तिसरी, चौथी, पाचवी. एकामागून एक, सुरेख. तो तिच्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं हे त्याला स्वतःला कळलं, आणि लाज वाटली.

"बघ. आता चालते."

"माझ्या हातात नाही चालली," किर्स्टी म्हणाली.

दोघं परत निघाली. गाडीचे वायपर एका बाजूला ओरखडत होते. तौनोच्या मनात कॅम्पच्या बाकावरचं बटाट्याचं पोतं आलं, आणि यंदा ते कोणत्या बाजूला ठेवायचं हेही त्याने ठरवून टाकलं.

अंगणात उतरून किर्स्टी आईला भेटायला घरात गेली. तौनो सवयीने सौनात गेला. आग आता चांगली धरली होती. त्याने आतल्या खोलीचं दार उघडून लाकूड सारलं, दगडांवर पाणी टाकलं, कारण एल्सी आधी स्नान करणार होती. वाफ दारातून बाहेरच्या खोलीत आली. त्याने बंदूक खुंटीवर टांगली आणि बाकावर बसला. बूटही काढले नाहीत. त्याला सांगायला एक विनोद हवा होता, को-ऑपच्या टेबलासाठी, पण तो सापडला नाही.

दार उघडून किर्स्टी आत आली. निघते सांगायलाच आली असावी, कारण गाडीची किल्ली तिच्या हातात होती. मग ती थांबली. खुंटीवरच्या बंदुकीकडे तिने बघितलं. बाहेरच्या थंडीतून आलेलं लोखंड त्या उबेत पांढुरकं झालं होतं, आणि बघता बघता त्यावर थेंब जमले, एकमेकांत मिसळले, नळीवरून ओघळले. कडीच्या फटीतून एक थेंब खाली बाकावर पडला. मग दुसरा.

"ही इथे राहते?" तिने विचारलं.

"मग कुठे राहणार?"

"रोज?"

"उबेला. बाहेर थंडी किती आहे."

किर्स्टीने डाव्या हाताने बंदूक खुंटीवरून काढली, तिरकी केली. आतून पाण्याची एक बारीक धार आली आणि तिच्या बुटावर पडली. तेलात मिसळून ते पाणी दुधासारखं गढूळ झालं होतं.

"वेर्नरकाकाची कुठे असते?"

"ओसरीवर. खिळ्यावर."

"आजोबांची कुठे असायची?"

आजोबांची बंदूक ओसरीवर असायची. त्याची स्वतःची, त्याने ट्रकच्या नोकरीतून पहिल्यांदा घेतलेली, ओसरीवर असायची. इथली कोणतीही बंदूक हिवाळाभर ओसरीवर असते, लाकडाच्या शेडमध्ये असते, कॅम्पच्या छपराखाली असते, कारण गार लोखंड उबेत आणलं की त्याला घाम फुटतो, आणि घामेजलेलं लोखंड परत थंडीत नेलं की तो घाम आत गोठतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवावं लागत नाही. पोर असताना एकदा त्याने बापाची बंदूक चुलीजवळ आणून उभी केली होती, ती गारठली म्हणून. बापाने ती उचलली होती, कोरडी पुसली होती आणि बाहेर नेऊन टांगली होती. एवढंच.

पहिल्या दोन गोळ्या अडकायच्या त्या या आतल्या बर्फाने. मग गोळ्यांच्याच उष्णतेने तो वितळायचा आणि बंदूक चालायची, आणि तौनो ते श्रेय नळीला द्यायचा, स्प्रिंगला द्यायचा, वजनाला, मॅगझिनला. बंदूक सप्टेंबरात होती तशीच ठीक होती. त्याने ती इतकी जपली होती की ती चालेनाशी झाली. होडी आणि पिंप यांच्या पंक्तीत हिला बसवता येत नव्हतं. त्या वस्तूंना त्याने नीट बनवलं नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा होता.

त्याने किर्स्टीकडे बघितलं. ती हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते को-ऑपमध्ये सांग," ती म्हणाली. "इथे फडकं दे."

तो बाक त्यांनी दारापाशी, उबेपासून दूर ओढला. तौनोने बंदूक सुटी केली. तो एकेक भाग काढून द्यायचा, किर्स्टी डाव्या हाताने पुसायची आणि मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवायची. एक लहान स्प्रिंग घट्ट बसली होती. तो हात पुढे करणार होता. तिने ती स्वतःच काढली, वेळ लावून, उजव्या हाताने धरून डाव्याने फिरवून. तो बघत बसला. त्याला हे सोपं गेलं नाही. तेल त्याने पुन्हा दिलंच नाही, फक्त फडक्याला लागलेलं होतं तेवढं फिरवलं. एल्सी टॉवेल घेऊन आली, दोघांना बघून दारातच थबकली, आणि म्हणाली की मग आज स्नान होणार आहे की शस्त्रक्रिया. मग ती आत गेली आणि वाफेचं दार घट्ट लावून घेतलं.

बंदूक पुन्हा जुळली. कोरडी, थोडी गार, हलकी. किर्स्टीने कडी एकदा डाव्या हाताने मागे ओढून सोडली. आवाज स्वच्छ आला.

"उद्या कॅम्पला जाताना खाणीवरून जाऊ," ती म्हणाली. "उजाडल्यावर. पाच गोळ्या."

"मोसमाची पहिली पहाट चुकेल." तौनोने ती पहाट आजवर एकदाही चुकवली नव्हती, वेर्नरने तर लग्नाची तारीखही तिच्या पुढेमागे ठेवली होती.

"चुकू दे. वेर्नरकाका जाईल पुढे. पोत्याला गुड मॉर्निंग म्हणायला." ती थांबली. पोत्याचं तिला कोणी सांगितलं, हे तौनोने विचारलं नाही. "आणि चाललीच तर मी टेकडीपलीकडच्या मचाणावर बसेन. एकटी. तू तुझ्या जागी."

तौनोने मान हलवली. त्याला सांगायचं होतं की त्या मचाणाची तिसरी पायरी सैल आहे, आणि तो ती पहाटे जाऊन ठोकून येईल. त्याने ते गिळलं. ते खाली जायला वेळ लागला.

किर्स्टीने गाडीची किल्ली एल्सीच्या टॉवेलशेजारच्या खुंटीला अडकवली, जिथे इतके दिवस बंदूक होती तिथे, आणि वाफेच्या दारावर टकटक केली.

"आई, माझी शिकारीची केशरी टोपी कुठे आहे?"

"धुऊन ठेवली आहे," आतून एल्सी म्हणाली. "सप्टेंबरातच."

किर्स्टीने बूट काढायला घेतले. तौनो उठला. फ्लॅनेलचा शर्ट बाकावर पडला होता. त्याने तो उचलला, घडी घातली आणि परत तिथेच ठेवला. मग बंदूक हातात घेतली, खांद्याने दार ढकललं, आणि बाहेरच्या थंडीत, ओसरीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे निघून गेला.